रोल धुण्याची हौस : बडोदे आणि कृष्णधवल छायाचित्रण

छायाचित्रणाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा दरबारी छायाचित्रकार, मोठे स्टुडिओ आणि वृत्तपत्रांसाठी काम करणारे नामवंत यांची दखल आवर्जून घेतली जाते. ज्यांनी या कलेवर पोट भरले नाही, उलट पगारातून चार पैसे बाजूला काढून तिच्यावर खर्च केले, त्या हौशी मंडळींच्या वाट्याला त्या इतिहासात फारसे काही येत नाही. ‘हौशी’ या शब्दाला मराठीत किंचित कमीपणाची छटा आहे. हौशी रंगभूमीने ती आपल्या कर्तृत्वाने पुष्कळशी पुसून टाकली. हौशी छायाचित्रणाला ते भाग्य लाभले नाही. वास्तविक कृष्णधवल फिल्मच्या काळातील हौशी छायाचित्रकार एकाच वेळी चित्रकार, रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि स्वतःच्या कामाचा संग्राहक असे. बडोद्यात कलाशिक्षण आणि ग्रंथालय या दोन्ही चळवळी एकाच राजाश्रयाखाली वाढल्या. या शहराच्या संदर्भात त्या हौसेचा मागोवा घेणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

एका कामाचे दोन भाग

दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची माहिती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर करण्यात आली. त्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे. त्याची प्रत काढता येत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबट याने १८४१ मध्ये कागदी निगेटिव्हची पद्धत पुढे आणली आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढणे शक्य झाले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ‘ओल्या काचे’ची पद्धत आली. कोलोडियनचा लेप दिलेली काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वीच धुवावयाची, असा तिचा दंडक होता. त्यामुळे छायाचित्रकाराला बाहेर जाताना कॅमेऱ्याबरोबर रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काळोख्या तंबूचे बिऱ्हाडही हलवावे लागे.

हिंदुस्थानात हौशी छायाचित्रकारांची पहिली संस्था १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होत. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गृहस्थांनी छायाचित्रणाची विद्या केवळ जिज्ञासेपोटी हस्तगत केली. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईत मूळ छायाचित्रे चिकटवलेले एक मासिक प्रकाशन चालवले. त्याच्या इंग्रजी नावातच हिंदुस्थानातील ‘हौशी’ छायाचित्रकाराचा उल्लेख होता. त्या काळी हा शब्द कमीपणाचा मानला जात नसे, याचा हा बोलका पुरावा होय.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि छायाचित्रकाराचा तंबू सुटला. त्यानंतर १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला. शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेला हा कॅमेरा, चित्रे घेऊन झाली की आहे तसा कारखान्याकडे पाठवावयाचा. धुणे, छापणे आणि नवी फिल्म भरणे ही कामे कारखाना करी. छायाचित्रणाच्या इतिहासातील हे मोठे वळण होय. तोपर्यंत चित्र घेणारा तोच ते धुणारा असे. कोडॅकने या एकाच कामाचे दोन भाग केले आणि दुसरा भाग ग्राहकाच्या हातून काढून घेतला. सामान्य माणसाला त्यामुळे छायाचित्रण खुले झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु तेव्हापासून हौशी मंडळींतही दोन वर्ग पडले. एक वर्ग ‘रोल धुवायला टाकणाऱ्यां’चा, दुसरा स्वतः रोल धुणाऱ्यांचा. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या वर्गापुरते आहे. कारण सोय उपलब्ध असताना ज्याने कष्टाचा भाग आपण होऊन पत्करला, त्याची हौस खरोखर पारखली गेली.

कलाभवन आणि धुंडिराज फाळके

सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले असता तो डाग काढून दाखवल्याने पुढे त्यांची ख्याती सर्वत्र पसरली. कापड रंगवणे, रासायनिक तंत्र, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात आणि देशी भाषांतून शिक्षण देण्याबाबत गज्जर आग्रही होते. कला आणि रसायन यांची अशी शेजारशेजारची बैठक छायाचित्रणाला अत्यंत पोषक होती, हे निराळे सांगावयास नको.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून बडोद्यास आले. कलाभवनात चित्रकलेचे शिक्षण घेत असतानाच, १८९० च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा विकत घेऊन छायाचित्रे घेणे, धुणे आणि छापणे यांचे प्रयोग आरंभले. या तरुणाची चिकाटी गज्जरांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांच्या प्रोत्साहनाने फाळक्यांनी ठसे तयार करण्याची आणि छायाचित्रावरून छपाई करण्याची तंत्रे आत्मसात केली. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला; पण तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि अपत्य यांना गमावण्याचा दुर्धर प्रसंग त्यांच्यावर ओढवला. कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो, या लोकभ्रमामुळे गिऱ्हाइकेही फिरकेनात, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

फाळक्यांचे पुढील कर्तृत्व सर्वश्रुत आहे. मात्र त्याचा पाया काळोख्या खोलीत घातला गेला होता, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. १९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचे रोज एक याप्रमाणे महिनाभराहून अधिक काळ चित्रण केले. अंकुर फुटून वेल वाढताना पडद्यावर दिसली तेव्हा भांडवल पुरवणाऱ्याची खात्री पटली. रोज तोच उजेड आणि तेच अंतर साधण्याची ही शिस्त मुळात छायाचित्रकाराची होती. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येत असे. ती भोके अंधारात पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दादरच्या राहत्या घरी केली. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाचा जन्म अशा रीतीने एका घरगुती डार्करूममध्ये झाला आणि त्या डार्करूममध्ये एका मराठी गृहिणीचे हात राबत होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

याच सुमारास बडोदे संस्थानात ग्रंथालय चळवळ आकार घेत होती. १९१० मध्ये अमेरिकेतून आलेल्या विल्यम बॉर्डन यांच्या देखरेखीखाली ग्रंथालय खाते उभे राहिले. या खात्याने ग्रंथपेट्यांबरोबर चित्रदर्शनाचीही स्वतंत्र शाखा चालवली. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोपची जोडचित्रे आणि चलच्चित्रे यांच्या साह्याने निरक्षर प्रजेपर्यंत ज्ञान पोचवण्याचा तो प्रयत्न होता. ग्रंथालयाच्या कक्षेत छायाचित्रही येते, हा विचार बडोद्याने अशा प्रकारे एका शतकापूर्वीच स्वीकारला होता.

घरातील काळोखी खोली

१९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर छत्तीस चित्रे घेता येऊ लागली. तरीही मध्यमवर्गीय भारतीय घरात दीर्घकाळ राज्य केले ते साध्या पेटी कॅमेऱ्याने. बडोद्यातील न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात आग्फा कंपनीच्या नावाने ‘क्लिक थ्री’सारखे कॅमेरे तयार होत. १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे, हा त्यांचा हिशेब. देशी फिल्मसाठी उटकमंड येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ ही फिल्म व छपाईचा कागद हौशी मंडळींच्या आवाक्यात आला. बारा किंवा छत्तीस चित्रांत सहल, मुंज आणि गणेशोत्सव बसवायचा असल्याने प्रत्येक चित्रामागे विचार असे. शंभर वेगाची फिल्म असेल तर भर उन्हात भिंगाचे छिद्र १६ वर आणि पडद्याचा वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हा फिल्मच्या वेष्टनावर छापलेला ठोकताळा पाठ असे. ढग उठून दिसावेत म्हणून भिंगापुढे पिवळी काच लावावी, उन्हातला चेहरा काळवंडू नये म्हणून माणसाला सावलीत घ्यावे, या गोष्टी अनुभवाने कळत.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होई. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीचे प्रकाशग्राही क्षार असतात. जेथे प्रकाश पडतो तेथे त्या कणांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर त्या कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो. कोडॅकचे डी-७६ हे सूत्र हौशी वर्गात विशेष प्रचलित होते. एक लिटर पाण्यास मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम असे त्याचे प्रमाण. सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक तराजूवर ही वजने करावी लागत. क्रमालाही महत्त्व होते. मेटॉल हे सल्फाइटच्या दाट द्रावणात नीट विरघळत नाही. म्हणून आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल आणि त्यानंतर उरलेले सल्फाइट. शाळेत नावडते वाटलेले रसायनशास्त्र अशा वेळी एकाएकी कामाचे होई.

पॅन्क्रोमॅटिक फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनक्षम असल्याने तिला लाल दिवाही चालत नाही. रात्र झाल्यावर, दारखिडक्यांच्या फटी बुजवून, प्रसंगी हात गोधडीखाली घालून, ती केवळ स्पर्शाच्या आधारे टाकीच्या चक्रावर गुंडाळावी लागे. धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. गुजरातच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून कितीतरी गरम येते. गरम डेव्हलपरने काम झपाट्याने होऊन निगेटिव्ह कर्कश बनते आणि जिलेटिनही मऊ पडते. द्रावणात बर्फ टाकला तर ते पातळ होते. म्हणून बाटलीच बर्फाच्या पाण्यात उभी करावयाची. त्यातही फिल्म एकदम थंड पाण्यातून गरम पाण्यात गेली तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडून सारे चित्र भेगाळलेल्या जमिनीसारखे दिसे. यासाठी डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी ही सर्व एकाच तापमानाला आणून ठेवावी लागत. माठातील पाणी तेथे उपयोगी पडे. हायपो उरलेले क्षार विरघळवतो आणि त्यानंतरच फिल्म उजेडात आणता येते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल याने १८१९ मध्ये शोधला होता. शेवटी अर्धा तास वाहत्या पाण्यात फिल्म धुऊन, पंखा बंद ठेवून, न्हाणीघरातील दोरीला चिमटा लावून ती वाळत घालावयाची. तोवर घरातील इतरांनी स्नानाची घाई करू नये, हा नियम बहुधा नाखुशीनेच पाळला जात असावा.

छपाईच्या वेळी मात्र लाल दिवा चालतो. एन्लार्जरखाली ब्रोमाइड कागद ठेवून काही सेकंद प्रकाश दिला आणि तो डेव्हलपरच्या तबकात सोडला की कोऱ्या कागदावर आधी केसांची, भुवयांची गडद रेघ, मग डोळे, मग चेहरा असे चित्र उमटू लागते. पहिली काही सेकंदे चित्र येणार की नाही याची हुरहूर आणि त्यानंतर ते काळे पडण्याआधी बाहेर काढण्याची धांदल, यातच या छंदाची गोडी साठवलेली होती. छपाई करताना हाताच्या सावलीने चेहरा उजळ ठेवणे किंवा आभाळाला जादा प्रकाश देऊन ते गडद करणे, हे कौशल्य पुस्तकात वाचून येत नाही. एका चांगल्या प्रतीपूर्वी चार-पाच कागद वाया जात. कागद स्वस्त नसल्याने त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून आधी वेळेची चाचणी घेतली जाई. काटकसर, धीर आणि नेमकेपणा हे गुण या छंदाने न बोलता शिकवले.

हौसेतून घडलेला दस्तऐवज

पेशा एक आणि छायाचित्रण ही त्याच्या जोडीची ओढ, असे असूनही केवढे कार्य उभे राहते याचे बडोद्यातील ठळक उदाहरण म्हणजे ज्योती भट्ट. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली तेथे जी पहिली पिढी तयार झाली, तीत भट्ट होते. चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक होता. १९६७ च्या सुमारास गुजरातच्या लोककलांवरील एका परिसंवादासाठी छायाचित्रे घेण्याच्या निमित्ताने त्यांनी खेड्यापाड्यांची वाट धरली आणि ते काम पुढे अनेक दशके चालू राहिले. मातीच्या भिंतींवरील चित्रे, उंबरठ्यावरील रांगोळ्या, अंगावरील गोंदणे, सणावारी सारवलेली अंगणे हे त्यांचे विषय होते. या कला मुळातच टिकण्यासाठी नसतात. भिंत पुढच्या सणाला पुन्हा सारवली जाते आणि जुने चित्र त्याखाली जाते. मातीच्या घरांच्या जागी विटा-सिमेंटची घरे येऊ लागल्यावर तर ती भिंतच राहिली नाही. मागे उरल्या त्या कृष्णधवल निगेटिव्ह. २०१९ मध्ये भट्ट यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या कामाचे महत्त्व कलेपुरते मर्यादित नाही. भट्ट यांनी चित्राइतकेच चित्र काढणाऱ्या बाईलाही चौकटीत स्थान दिले. ती भिंत कोणाच्या घरची, तिच्यापुढे कोण उभे आहे, हे त्या छायाचित्रांतून कळते. हौशी छायाचित्रकाराच्या घरगुती संग्रहालाही हेच मूल्य असते. मुंजीच्या मांडवामागे दिसणारा वाडा, सहलीच्या चित्रात मागे आलेला तलाव, मिरवणुकीतील दुकानांच्या पाट्या या गोष्टी टिपण्याचा छायाचित्रकाराचा उद्देश नसतो. पण पन्नास वर्षांनी इतिहासाच्या अभ्यासकाला नेमक्या त्याच हव्या असतात.

निगेटिव्हचे भवितव्य

१९८० नंतर रंगीत छपाईची यंत्रे गावोगाव पोचली आणि घरगुती डार्करूम अडगळीच्या खोल्या बनल्या. २००० नंतर डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचीच गरज संपवली. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. उटकमंडचा कारखानाही बंद पडला. अलीकडे काही तरुण पुन्हा कृष्णधवल फिल्मकडे वळले असून परदेशी बनावटीची फिल्म आजही मिळते. तथापि खरी चिंता नव्या फिल्मची नसून जुन्या निगेटिव्हची आहे. रोल बाहेर धुवायला देणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रती जपल्या आणि निगेटिव्हची पाकिटे फेकून दिली. स्टुडिओत काढलेल्या चित्रांच्या निगेटिव्ह तर स्टुडिओतच राहत आणि दुकान बंद झाले की नाहीशा होत. स्वतः धुणाऱ्याने मात्र श्रमाने मिळवलेली निगेटिव्ह सहसा टाकली नाही. त्यामुळे जुन्या घरांच्या माळ्यावर आज जे काही शिल्लक आहे, ते बहुतांशी या मंडळींच्या हौसेचे देणे आहे.

तेही सुरक्षित नाही. आरंभीची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे. २००३ मध्ये पुण्यास चित्रपट संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. ‘राजा हरिश्चंद्र’चेही आज काही भागच उपलब्ध आहेत. नंतरची ॲसिटेट फिल्म तशी भडकून पेटत नाही, पण उष्ण व दमट हवेत ती कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ऱ्हास सुरू झाला असे समजावे. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते. हायपो नीट धुतला गेला नसेल तर प्रत पिवळी पडून पुसट होते. आणि बडोद्याला विश्वामित्रीच्या पुराचे भय आहेच. २००५, २०१९ आणि २०२४ मध्ये पाणी घरांत शिरले तेव्हा कपाटांच्या खालच्या खणांतील अल्बम प्रथम भिजले. भिजलेल्या प्रती आणि निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वाळल्या तर त्या पुन्हा सुट्या होत नाहीत. त्या ओल्या असतानाच स्वच्छ पाण्यात अलगद सुट्या करून सावलीत वाळवाव्यात, एवढे ज्ञानही अनेक चित्रे वाचवू शकते.

होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार आयुष्याच्या अखेरच्या पर्वात बडोद्यास राहत होत्या. २०१२ मध्ये त्या निवर्तल्या, पण त्यांचा संग्रह त्यापूर्वीच दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सुपूर्त झाला असल्याने तो सुरक्षित राहिला. ज्योती भट्ट यांचा संग्रह बेंगळुरूच्या म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयात जतन झाला आहे. नामवंतांच्या कामाला असे आश्रयस्थान लाभते. नोकरी सांभाळून रात्री रोल धुणाऱ्या कारकुनाच्या वा शिक्षकाच्या कामाला ते कोण देणार? हे काम स्थानिक ग्रंथालयाच्या कक्षेतील आहे आणि त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात. पाकिटावर आधी पेन्सिलीने मजकूर लिहून मगच निगेटिव्ह आत सरकवावी. डबे जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावेत. प्रत्येकीची संगणकीय प्रत करावी, पण त्यानंतर मूळ निगेटिव्ह टाकून देऊ नये.

यांतील सर्वांत निकडीचे काम नावे लिहून घेण्याचे आहे. छायाचित्रातील वाडा कोणता, मधली वृद्ध स्त्री कोणाची कोण, साल कोणते, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. रसायनांनी टिकवलेला चेहरा त्या माणसांच्या पश्चात निनावी होतो आणि मग कोणत्याही प्रयोगशाळेत त्याचे नाव परत मिळवता येत नाही. ग्रंथालयाचे शताब्दी वर्ष साजरे होत असताना सभासदांनी घरातील एक जुना अल्बम काढून, घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, प्रत्येक चित्राखाली नाव, स्थळ आणि साल लिहून घेतले, तर ज्यांनी रात्री जागून ती चित्रे धुतली त्यांचे श्रम सार्थकी लागतील.